काटा अडला तरी मन अडू देऊ नका

दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की आम्ही बाहेरच्या ओट्यावर वजनकाटा, टेप आणि बीपीचं मशीन मांडून बसतो. आयाबाया रांगेनं येतात. काट्यावर चढताना कुणी चपला काढतं, कुणी पदरातली किल्ली बाजूला ठेवतं, कुणी डोळेच मिटून घेतं.

त्यात एक ताई यायच्या. वय चाळिशीच्या आसपास, चार घरची धुणीभांडी, शुगरची गोळी सुरू. वजन ७२ किलो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्या महिन्यात काटा तिथंच. तिसऱ्या महिन्यात अर्धा किलो वाढलं. रांगेतली एक बाई हसून म्हणाली, "एवढं चालून काय मिळालं गं?" ताई काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी रात्रीचं जेवणच बंद केलं. गोळी मात्र रोजच्यासारखी घेत राहिल्या. चौथ्या दिवशी पहाटे नळावर हंडा उचलताना घाम फुटला, हातपाय थरथरले आणि त्या खाली बसल्या. शुद्धीवर होत्या म्हणून शेजारणीला साखरपाणी पाजता आलं. दवाखान्यात कळलं की शुगर फार खाली गेली होती.

त्या दिवशी आम्हाला आमचीच चूक दिसली. आम्ही वॉर्डात नर्स म्हणून नोकरी करत होतो तेव्हाही असंच वागायचो. केसपेपरवर ‘वजन कमी करा’ असं लिहिलेलं असलं की वाचून दाखवायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. ते कसं करायचं, आणि मध्येच जमेनासं झालं तर मन कसं सावरायचं, हे आम्ही कधी सांगितलंच नाही. आजचा धडा त्यासाठी आहे. वजन उतरवायला ताट आणि पाय लागतात हे खरं, पण ते महिनोन् महिने टिकवायला मन लागतं.

आधी माप समजून घेऊ

वजन जास्त आहे की नाही हे शेजारणीच्या डोळ्यांनी ठरवू नका. आपल्या देशातल्या लोकांना कमी वजनातही शुगर आणि हृदयाचे आजार होतात, म्हणून आपल्यासाठीचं माप थोडं कडक आहे. पाच फूट उंचीच्या माणसाचं वजन साधारण ५३ किलोच्या पुढं गेलं की ते जास्त धरतात आणि ५८ किलोच्या पुढं गेलं की लठ्ठपणा धरतात. उंची जास्त असेल तर आकडा वर जातो. आपला आकडा दवाखान्यात किंवा आशाताईंकडून काढून घ्या.

दुसरं माप कंबरेचं, आणि ते जास्त कामाचं. शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढं आणि पुरुषाची ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या पुढं गेली तर शुगर-बीपीची तपासणी करून घ्यायला हवी. पोटावरची चरबी मांडीवरच्या चरबीपेक्षा जास्त त्रास देते.

आणखी एक समज काढून टाका. अंगानं भरलेली बाई म्हणजे तिला रक्त भरपूर, असं नसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० पैकी २४ बायकांचं वजन जास्त निघालं आणि १०० पैकी ५७ जणींना रक्त कमी निघालं. एकाच अंगात दोन्ही असू शकतं. म्हणून आपलं काम नुसतं कमी खाण्याचं नाही. चांगलं आणि मापात खाण्याचं आहे.

काटा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

बहुतेक जणी हरतात त्या इथं. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं, कारण त्यात बरंचसं पाणी असतं. आपल्याला वाटतं असंच उतरत राहील. मग वेग मंदावतो. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला लागणारी ऊर्जाही कमी होते, म्हणून तेच जेवण आणि तेवढंच चालणं असूनही काटा काही आठवडे अडून बसतो. तो तुमचा आळस नसतो. तो शरीराचा स्वभाव आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

शिवाय पाळी यायच्या आधी अंगात पाणी साठून किलोभर वजन वाढू शकतं. आदल्या रात्री लोणचं, पापड, सुकट जास्त झालं तरी काटा वर जातो. पोट साफ नसेल तरी जातो. म्हणून रोज वजन करू नका. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करा. त्यातही एका आठवड्याचा आकडा धरून बसू नका. चार आठवड्यांत काय झालं ते बघा.

किती उतरायला हवं? आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित. आणि बारीक झालो तरच उपयोग, असंही नाही. आहे त्या वजनाच्या १०० भागांपैकी ५ ते १० भाग कमी झाले तरी शुगर, बीपी आणि गुडघे यांना फरक पडतो. ७२ किलोच्या ताईंसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. सिनेमातल्या बाईसारखं दिसणं हे आपलं ध्येय नाही. जिना चढताना दम न लागणं हे ध्येय आहे.

आता मन धरून ठेवणारी एक गोष्ट सांगतो. शुगर होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर चेन्नईच्या डॉक्टरांनी एक अभ्यास केला आणि तो २००६ साली छापून आला. काहींना नेहमीचाच सल्ला दिला. काहींना मापात खायला आणि रोज अर्धा तास चालायला नीट शिकवलं आणि पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या १०० पैकी ५५ जणांना शुगर झाली. दुसऱ्या गटात हा आकडा ३९ होता. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन काही फारसं उतरलं नव्हतं! काटा जवळपास तिथंच राहिला आणि तरीही कित्येकांचा आजार टळला.

म्हणून काटा हलला नाही की "फुकट गेलं" असं म्हणू नका. आत काय चाललंय ते काट्याला दिसत नाही.

कोसलच्या राजाचं ताट

संयुक्त निकायात राजा प्रसेनजिताची एक गोष्ट आहे. राजाला खाण्याची फार आवड. एकदा तो भरपूर भात खाऊन धापा टाकतच भगवान बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी त्याची चेष्टा केली नाही की त्याला उपास करायला सांगितलं नाही. सावध राहून जो मापात जेवतो त्याचा त्रास हलका होतो, अशा अर्थाची एक गाथा तेवढी सांगितली. राजानं काय करावं? सुदर्शन नावाचा एक तरुण मागे उभा होता, त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवायच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा भात हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी एका नळीच्या मापावर आला. पुढं एके दिवशी हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवत तो आनंदानं बोलला.

आम्ही यातून तीन गोष्टी घेतो. टोचून बोलल्यानं माणूस बदलत नाही. माप एकदम तोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. आणि राजाला सुद्धा एकट्यानं जमलं नाही. जेवताना आठवण करून देणारं कुणीतरी लागलं.

आपल्याकडं शंभर कार्षापण नाहीत, पण सुदर्शन आपल्या घरातच असतो. शाळेत जाणारी मुलगी, सून, शेजारीण. तिला सांगा, "दुसऱ्यांदा भात घ्यायला लागले की फक्त विचार, भूक आहे का?" तिनं विचारायचं, टोमणा मारायचा नाही.

ताटात काय बदलायचं

भात सोडा, चपाती सोडा, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, डाळ विकत घ्यावी लागते, हे आम्हाला माहीत आहे. बाजारातले महागडे डबे आणि परदेशी बिया यांची काही गरज नाही. बदल लहान ठेवा, म्हणजे टिकतो.

तेल: एका माणसाला दिवसाला चार लहान चमचे तेल पुरतं. महिन्याला साधारण ६०० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो. तुमच्या घरात किती येतं ते आधी बघा. एका महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवलं की हात आपोआप आखडतो. रश्श्यावर तर्री दिसलीच पाहिजे ही सवय थोडी सोडावी लागेल.

साखर: कपाला दोन चमचे धरले तर पाच कप चहात दहा चमचे साखर जाते. दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहणं बरं. एकदम बंद करू नका, आठवड्याआड अर्धा चमचा कमी करा. चहाबरोबरची खारी, बटर आणि फरसाण रोजचं नको.

डाळ, कडधान्य, अंडं, मासळी: मोड आलेली मटकी, मूग, चवळी, उकडलेलं अंडं, बोंबील, डाळ यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मांसमच्छी खायला हरकत नाही. तळण्यापेक्षा शिजवलेली बरी.

भात आणि भाकरी: आधी भाजी-डाळ वाढून घ्या, मग भात. जेवढा भात घेता त्यातला एक डाव कमी करा आणि महिनाभर तिथंच थांबा. ज्वारी-बाजरीची भाकरी मिळत असेल तर ती घ्या.

आणि एक गोष्ट जी आम्ही प्रत्येक घरात बघतो. घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. स्वतःचं जेवण होतं आणि वर पोरांच्या ताटातलं उरलेलंही ती संपवते, कारण अन्न टाकवत नाही. ज्या घरातल्या आजीनं शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्या घरातल्या बाईला अन्न टाकवणार कसं? ही सवय हावरेपणाची नाही, ती भुकेच्या आठवणीतून आलेली आहे. तिची लाज वाटून घेऊ नका. फक्त युक्ती बदला. पोरांना आधी कमी वाढा, लागलं तर पुन्हा द्या. भात उरला तर सकाळी कांदा घालून परता. आणि तुम्हीही सगळ्यांबरोबर पंगतीत बसा. तुमचं पोट ही उरलेलं टाकायची जागा नाही.

"दिवसभर राबतो, आणखी कसला व्यायाम?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. धुणी, भांडी, हंडे ही कष्टाचीच कामं आहेत. पण त्यात कंबर आणि हात झिजतात, छातीला सलग जोर मिळत नाही. जरा दम लागेल, पण बोलता येईल, अशा वेगानं आठवड्याला एकूण १५० मिनिटं चालायचं आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा.

वस्तीत मोकळी जागा नसते, अंधार पडल्यावर भीती असते, आणि लोक बघतात म्हणून लाजही वाटते. आमच्याकडं चौघीजणी मिळून कामावर जाताना एक स्टॉप आधी उतरतात. चौघी असल्या की कुणी हसत नाही, आणि हसलं तर आपणही हसून घ्यायचं. एकीचा कंटाळा दुसरी घालवते.

घसरलात तर काय करायचं

जयंती येणार, लग्नं येणार, बारसं येणार. जेवण जास्त होणारच. त्या रात्री मन म्हणतं, "आता मोडलंच आहे तर राहू दे. पुढच्या महिन्यापासून बघू." हे वाक्य ओळखायला शिका. एका जेवणानं कुणी जाड होत नाही, जसं एका जेवणानं कुणी बारीक होत नाही. नुकसान करतं ते त्या जेवणानंतरचं ‘राहू दे’.

पंगतीत जास्त झालं, तर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. पुढचं जेवण नेहमीच्या मापाचं घ्या आणि नेहमीसारखं चाला. एवढंच.

स्वतःशी बोलायची भाषाही बदला. "मला काही जमत नाही" याऐवजी "काल जमलं नाही, आज जमवते" असं म्हणा. रागावलेलं, दुखावलेलं मन गोड-तळलेल्याकडं धावतं. म्हणून जेवणाव्यतिरिक्त हात तोंडाकडं जाताना एकदा विचारा: भूक लागली आहे, की राग आला आहे, की दमले आहे? दमला असाल तर पाठ टेका. रात्री झोप पुरी झाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, हेही लक्षात असू द्या.

घरच्यांसाठी दोन शब्द

भावांनो, मुलांनो, सासूबाई, हे तुमच्यासाठी. "किती सुटलीस", "हत्ती", "तू काय बारीक होणार" असं बोलून आजवर कुणाचं वजन उतरलेलं आम्ही पाहिलं नाही. माणूस लपून खायला मात्र लागतो आणि वजन करायला यायचं बंद करतो. मदत करायची असेल तर संध्याकाळी भांडी तुम्ही घासा, म्हणजे तिला चालायला अर्धा तास मिळेल. घरी येताना वडापाव आणणं कमी करा. आणि तिचं ताट वेगळं करू नका, सगळ्यांनीच तेल-साखर कमी खा. पुरुषांनीही आपली कंबर मोजून घ्यावी. दारू पोट वाढवते हे वेगळं सांगायला नको.

इथं सावध राहा

- शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बंद करू नका. पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं. घाम, थरथर, चक्कर आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.
- थायरॉईड, तसंच स्टेरॉईड आणि मानसिक आजाराची काही औषधं यांनीही वजन वाढतं. मनानं औषध थांबवू नका, डॉक्टरांशी बोला.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं, तसंच वाढत्या वयाच्या मुलामुलींनी आपल्या मनानं जेवण कमी करू नये.
- ‘महिन्यात दहा किलो’ म्हणणाऱ्या पावडरी, चूर्ण आणि गोळ्यांपासून दूर राहा. त्या पैशात महिनाभर अंडी येतात.
- काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. वाढलेली शुगर, टीबी असं काही असू शकतं. लगेच तपासा.
- दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो वजनाचा प्रश्न राहिलेला नाही. दवाखान्यात मोकळेपणानं सांगा, त्यावर उपचार आहेत.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर-बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

एक वही ठेवा

मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. दर आठवड्याला एकाच वारी पाच गोष्टी लिहा: वजन, किती दिवस चाललो, चहात किती चमचे साखर, जिना किंवा चढ चढताना दम लागला का, आणि या आठवड्यात मला जमलेली एक गोष्ट. कंबर महिन्यातून एकदा मोजा. पाचवी ओळ कधीच कोरी सोडू नका. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्या.

सुरुवातीच्या त्या ताई आता वहीसह येतात. डॉक्टरांनी गोळीची आणि जेवणाची वेळ नीट जुळवून दिली. वर्षभरात वजन ७२ वरून ६८ वर आलं आहे. कुणाला ते कमी वाटेल. पण कंबर दोन इंच उतरली, शुगर आटोक्यात आहे, आणि कामावरच्या इमारतीचे तीन मजले त्या मध्ये न थांबता चढतात. मधल्या वर्षात काटा तीनदा अडला. त्या प्रत्येक वेळी वहीच्या पाचव्या ओळीत त्यांनी मुलीकडून काहीतरी लिहून घेतलं आहे. एका आठवड्यात नुसतं एवढंच आहे: "वजन तेवढंच. पण गेले होते चालायला."

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या घरात महिन्याला किती तेल आणि किती साखर येते? माणशी किती झाली?
२. वजनावरून कुणी बोललेलं कोणतं वाक्य मनात राहिलं आहे? त्या जागी काय म्हणता आलं असतं?
३. आपल्या वस्तीत चौघींना मिळून कुठं आणि किती वाजता चालता येईल? आजच ठरवा आणि उद्यापासून सुरुवात करा.